पास आणि पाते: सोलापुरातील एक अवजार-पालट

सोलापूरच्या डाळिंबबागेत लहान ट्रॅक्टरमागे चालणारे गवत कापण्याचे यंत्र मूळचे परदेशी हिरवळींसाठी घडलेले आहे. परंतु पाते जमिनीपासून किती अंतरावर चालवावयाचे, हा त्याच्या जुळणीतील मुख्य प्रश्न या जिल्ह्यास नवा नाही.

कोरडवाहू काळ्या रानात तणाचे मूळ राखणे म्हणजे ज्वारीच्या वाट्याची ओल त्यास पाजणे होय. म्हणून कुळवाची पास मातीखालून चाले. दिंड, जानोळी, पास, दांड्या व रुमणे एवढाच त्या अवजाराचा संसार. रुमण्यावर दाब दिला किंवा दिंडावर धोंडा ठेवला, की खोली वाढे. ‘कुळव लागला’ या प्रयोगात कर्ता शेतकरी नसून अवजार असते, ही गोष्ट भाषाभ्यासकाने दुर्लक्षू नये. सोलापुरात १९३३ पासून झालेल्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनानेही वारंवार कुळवणी करून वरचा थर भुसभुशीत राखण्यावर भर दिला. भेगा बुजतात आणि ओल टिकते, हे त्याचे कारण.

हॅरी फर्ग्युसनच्या त्रिबिंदू जोडणीने अवजार ट्रॅक्टरचाच अवयव बनले. त्याचे एकस्व १९२६ चे. भारतात मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ‘टॅफे’ ही कंपनी १९६० मध्ये निघाली. नांगराची खोली आता बैल व नांगऱ्या यांच्याऐवजी तेलाच्या दाबाने राखली जाऊ लागली. गवत कापणाऱ्या यंत्राची रीत मात्र उलट आहे. ते ट्रॅक्टरवर लोंबकळता कामा नये. स्वतःच्या चार चाकांवर तरंगले पाहिजे. त्यासाठी वरचा दुवा सैल ठेवावा लागतो, अन्यथा उंचवटा येताच पाते माती खरवडते.

निवड करताना कापणीची रुंदी ट्रॅक्टरच्या मागील चाकांबाहेर पोचते काय, हे प्रथम पाहावे; न पोचल्यास चाकाखाली चेपलेले गवत उभेच राहते. मात्र ओळींतील अंतर साडेचार मीटर असले, तरी वाकलेल्या फांद्या त्यातील बरीच जागा घेतात. शिवाय हे यंत्र नाजूक गवताचे आहे. झुडपे व दगड यांसाठी जाड पात्याचे दणकट यंत्र हवे. जुळणी सपाट, कठीण जागेवर, इंजिन बंद करून करावी. दोन्ही बाजू समपातळीत आणि पुढील कड मागीलपेक्षा किंचित खाली असावी. शक्ती देणारा दांडा यंत्र उचलताना टोकास ठेचत नाही ना, हेही तपासावे. त्याची गती बहुधा मिनिटास ५४० फेऱ्यांची असते. यंत्राची गती तीच हवी.

येथे तणाचे मूळ जिवंत राहते. ठिबकाखालच्या बागेत ओळींमधील हे आच्छादन पावसाच्या माऱ्यापासून माती राखते, म्हणून पास सोडून पाते धरणे समंजसपणाचे ठरते. ज्वारीच्या रानात तीच निवड ओलीचा नाश करील. बागेतही उतावीळ नको. तेल्या रोगाने या जिल्ह्यातील बागांचे किती नुकसान केले, हे सर्वश्रुत आहे. पात्याखाली सापडलेले रोगट फळ बारीक होऊन विखुरते. ती फळे आधी हाताने वेचून नष्ट करावी लागतात, आणि खोडालगतचे तण आजही खुरप्यानेच निघते.