एकसामयिक रेषीय समीकरणे : व्यवहारातील शाब्दिक उदाहरणे

दोन किंवा अधिक अज्ञात राशींविषयीच्या अटी शब्दांत दिल्या असता त्या पहिल्या घाताच्या समीकरणांत मांडून सर्व अटी एकाच वेळी पाळणाऱ्या किमती काढण्याची बीजगणितातील रीत. जितक्या राशी अज्ञात, तितक्या परस्परांपासून स्वतंत्र अटी लागतात.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या गणित भाग 1 या पाठ्यपुस्तकातील (2018) पहिलेच प्रकरण या विषयाचे आहे. लातूर विभागीय मंडळात येणाऱ्या लातूर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांतील विद्यार्थी वयाची, अपूर्णांकांची, प्रवाहातील नावेची उदाहरणे त्यातून सोडवतात. याच भागातील सोयाबीनच्या पेरणीत तेच गणित खताच्या हिशेबात येते.

मांडणी : समजा, सोयाबीनच्या एका रानाला 28 किलो नत्र आणि 56 किलो स्फुरद द्यायचे आहे. दुकानात 20:20:0:13 आणि डीएपी (18:46) ही दोन खते 50 किलोच्या गोणीत मिळतात. पहिल्याच्या गोणीत 10 किलो नत्र व 10 किलो स्फुरद, तर डीएपीच्या गोणीत 9 किलो नत्र व 23 किलो स्फुरद असते. पहिल्या खताच्या क्ष आणि डीएपीच्या य गोण्या मानल्यास

10क्ष + 9य = 28 (नत्र)
10क्ष + 23य = 56 (स्फुरद)

उकल : दुसऱ्या समीकरणातून पहिले वजा केल्यावर क्षचा लोप होतो आणि 14य = 28 उरते. म्हणून य = 2, क्ष = 1. निश्चयकांच्या पद्धतीनेही हेच उत्तर येते : D = 140, Dx = 140, Dy = 280. ही पद्धत स्विस गणिती गाब्रिएल क्रेमर यांनी 1750 मध्ये प्रसिद्ध केली. आलेखात दोन्ही रेषा (1, 2) या बिंदूत छेदतात. पालाशाचीही अट घातली, तर तिसरे खत आणि तिसरे समीकरण लागते.

उत्तराची पारख : गरज 40 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरदाची असती, तर 14य = –20 आले असते. समीकरणे बरोबर असली, तरी उणे गोण्या रानात पडत नाहीत. याचा अर्थ या दोन खतांतून ती मात्रा साधत नाही, नत्रासाठी युरिया घ्यावा लागेल. अपूर्णांकी उत्तर आल्यास खत गोणी फोडून तोलता येते. अज्ञात राशी माणसांची किंवा जनावरांची संख्या असेल, तर असे उत्तर मांडणी किंवा दिलेली माहिती चुकल्याचे सांगते. एक गोणी युरिया व दोन गोण्या डीएपी यांची एकत्रित किंमत माहीत असताना दोन गोण्या युरिया व चार गोण्या डीएपी यांचे बिल मिळाले, तर नवी माहिती काहीच मिळत नाही. दर तेच असतील, तर दुसरे बिल पहिल्याच्या दुप्पट येते, D शून्य होतो आणि एकेका गोणीचा दर निघत नाही. बिल दुप्पट नसेल, तर दोन्ही बिलांचे दर एक नाहीत.

इतिहास : भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत (1150) बीजगणित हा एक भाग आहे. त्यात अनेक अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे आहेत. त्यातील एका उदाहरणात, पहिल्याला मित्राकडून 100 मिळाले तर तो मित्राच्या दुप्पट धनवान होतो. दुसऱ्याला पहिल्याकडून 10 मिळाले तर तो सहापट होतो. त्यांचे धन अनुक्रमे 40 आणि 170. चाळीसगावजवळील पाटण येथील 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे.

अध्यापन : विद्यार्थी बहुधा आकडेमोडीत नव्हे, मांडणीत अडतात. म्हणून कोणती राशी अज्ञात आणि तिचे एकक काय, हे आधी लिहावे. प्रत्येक अटीचे एक समीकरण करावे. आलेली किंमत समीकरणात नव्हे, मूळ शब्दांतील अटीत घालून पाहावी. समीकरणाच्या मांडणीतच चूक असेल, तर ती या शेवटच्या पायरीनेच सापडते.