कचरा वर्गीकरण : उंबरठ्यापासून प्रक्रिया केंद्रापर्यंत साखळी अखंड हवी

भिलाई (छत्तीसगड) : ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा ठेवण्याचे आवाहन देशभरातील नगरपालिका अनेक वर्षे करीत आहेत. मात्र दोन डब्यांतील कचरा घंटागाडीत एकत्र पडताना एकदा दिसला, की घरातील दुसरा डबा निरुपयोगी ठरतो. त्यामुळे वर्गीकरणाचे यश नागरिकांच्या सवयीइतकेच संकलनाच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणे प्रत्येक घराला बंधनकारक केले. स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे व भाजीची देठे ओल्या कचऱ्यात, तर कागद, काच, धातू व प्लास्टिक सुक्या कचऱ्यात मोडतात. जुन्या बॅटऱ्या, रंगांचे डबे आणि मुदत संपलेली औषधे घातक कचऱ्यात येतात. सॅनिटरी नॅपकिन व डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात ठेवण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत होती. हे नियम शहरांबरोबरच अधिसूचित औद्योगिक वसाहतींनाही लागू करण्यात आले.

भिलाईच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद प्रकल्पाची स्वतंत्र वसाहत असून, तेथील नागरी सेवा प्रकल्पाचा नगर सेवा विभाग पाहतो. वसाहतीबाहेर भिलाई, रिसाली, भिलाई-चरोदा आणि दुर्ग या महापालिकांची हद्द आहे. त्यापलीकडे पाटण व धमधा तहसिलींतील ग्रामपंचायती आहेत. वस्ती सलग असली तरी रस्ता ओलांडताच यंत्रणा बदलते. डब्यांचे रंग, गाडीची वेळ आणि शुल्क यांत एकवाक्यता नसल्यास अशा शहरात नागरिकांचा गोंधळ होतो आणि कचरा हद्दीवरच्या मोकळ्या जागेत साचतो.

यावरील उपाय राज्यातच सापडतो. सरगुजा जिल्ह्यातील अंबिकापूर येथे २०१५ मध्ये महिला बचतगटांकडे घरोघरी संकलनाचे काम सोपविण्यात आले. 'स्वच्छता दीदी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या महिला स्वतंत्र कप्पे असलेल्या रिक्षांतून कचरा आणतात आणि प्रभागांजवळील केंद्रांत तो पुन्हा निवडतात. ओल्या कचऱ्याचे खत होते; पुठ्ठा, काच, धातू आणि प्लास्टिकचे निरनिराळे प्रकार विकले जातात. घरांकडून मिळणारे शुल्क आणि या विक्रीचे उत्पन्न यांतून खर्चाचा भार हलका होतो. शहराच्या जुन्या कचराभूमीच्या जागी उद्यान उभे राहिले. पुढे हीच पद्धत 'मिशन क्लीन सिटी' या नावाने राज्यातील अन्य शहरांत नेण्यात आली. स्वच्छ सर्वेक्षण २०१९ मध्ये अंबिकापूर देशात दुसऱ्या क्रमांकावर आले.

पुण्यातील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार संकलन करते. सुका माल विकण्याचा हक्क कचरावेचकांकडे राहिल्याने तो स्वच्छ व वेगळा मिळण्यात त्यांचे थेट हित गुंतलेले असते.

ग्रामीण भागात कचऱ्याचे स्वरूप वेगळे असते. ओला कचरा बहुधा गुरांच्या चाऱ्यात किंवा उकिरड्यावर जातो. मुख्य प्रश्न पाकिटे, पिशव्या आणि बाटल्यांचा असतो. एका गावातील प्लास्टिक विक्रीला पुरेसे नसते. म्हणून स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात विकासखंड पातळीवर प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राची तरतूद करण्यात आली. घनकचरा व्यवस्थापनासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांना दरडोई ६० रुपयांपर्यंत, तर त्याहून मोठ्या गावांना ४५ रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. गावातील गोदामात आठवडाभर साठवून ठराविक दिवशी माल उचलला गेला, तरच ही केंद्रे चालू शकतात.

शहर असो वा गाव, ठरलेल्या वेळी येणारी गाडी, तिच्यातील वेगळे कप्पे, निवड करणाऱ्या हातांना नियमित मोबदला आणि निवडलेल्या मालाला खात्रीचा ग्राहक या चार गोष्टी सेवेसाठी आवश्यक ठरतात. यांतील एक कडी तुटली, तरी घरात वेगळा केलेला कचरा अखेर एकाच ढिगात जातो.