वसईचा हिरवा पट्टा आणि एका धर्मगुरूची श्रद्धा

१/ जानेवारी २०२०. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्षपदी होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या पदावर ख्रिस्ती धर्मगुरू बसण्याची ही पहिलीच वेळ. निवड जाहीर होताच काही गटांनी त्यांच्या धर्मगुरू असण्यावरच बोट ठेवले. आजारी असतानाही ते संमेलनाला गेले. अशा आक्षेपाची त्यांना सवय होती, कारण त्याचे मूळ तीस वर्षांपूर्वीच्या वसईत होते.

२/ आधी भूगोल पाहू. अरबी समुद्र आणि पश्चिम रेल्वेचे रूळ यांच्यामध्ये अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत एक हिरवा पट्टा पसरला आहे. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला ही येथील बागायत. विहिरींवर एके काळी रहाट फिरत. गावागावांत बावखले असत. पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणारी ही गोड्या पाण्याची तळी म्हणजे या शेतीचा प्राण होता.

३/ या पट्ट्यात वाडवळ, सामवेदी, भंडारी, आगरी, कोळी, मुस्लिम असे अनेक समाज नांदतात. ख्रिस्ती वस्ती मोठी आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोन शतकांत ख्रिस्ती झालेली कुटुंबे पुढे येथेच राहिली, येथलीच शेती करीत आणि मराठीच्या बोली बोलत. त्यांच्या गावात चर्च हे प्रार्थनास्थळही होते आणि चावडीही.

४/ विरारहून मुंबईला जाणारी पहिली नियमित रेल्वेगाडी १८६७ मध्ये सुरू झाली. मुंबईतील घरांच्या किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या, तशी शहराची दृष्टी या रुळांच्या कडेने उत्तरेकडे वळली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारच्या जमिनी बांधकामासाठी मोकळ्या होऊ लागल्या. १९९० मध्ये सिडकोची येथील विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली.

५/ जमिनीला सोन्याचा भाव आला, तसा तिच्याभोवती दहशतीचा वेढाही पडला. बांधकाम व्यवसाय, गुंडगिरी आणि सत्ता यांच्यातील सीमा पुसट झाल्या. १९८९ मध्ये नालासोपारा रेल्वे स्थानकात एका बांधकाम व्यावसायिकाची हत्या झाली. त्या काळात जमीन विकण्यास नकार देणे हे निव्वळ आर्थिक मत नव्हते. त्यासाठी धाडस लागत होते.

६/ दुसरे संकट जमिनीखाली होते. किनारपट्टीच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत्या थरासारखे असते. पावसाळ्यात मुरते तेवढेच उपसले, तर समतोल राहतो. अधिक उपसले, की खालचे खारे पाणी वर चढते आणि समुद्राचे पाणी आत सरकते. नव्या इमारतींची तहान भागवण्यासाठी बागायती पट्ट्यातील विहिरींतून टँकर भरले जाऊ लागले. काही विहिरींचे पाणी मचूळ झाले. विहीर खारी झाली, की बागही संपते.

७/ या प्रसंगी पुढे आले फादर दिब्रिटो. जन्म १९४२, गाव नंदाखाल, म्हणजे याच पट्ट्यातले. १९७२ मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. १९८३ पासून २००७ पर्यंत ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. ख्रिस्ती समाजाच्या या मासिकाला त्यांनी व्यापक मराठी व्यासपीठाचे रूप दिले. ज्ञानेश्वर-तुकारामांची परंपरा ही त्यांच्या दृष्टीने परक्याची नव्हती, स्वतःच्या भाषेचीच होती.

८/ हरित वसई संरक्षण समितीच्या नावाने लढा उभा राहिला. मोर्चे निघाले, सभा झाल्या, विकास आराखड्यावर हरकती नोंदवल्या गेल्या, टँकरच्या पाणीउपशाला विरोध झाला. मार्ग अहिंसेचा होता. दिब्रिटोंना धमक्या आल्या. श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित यांच्यासारखे निराळ्या वैचारिक घडणीचे कार्यकर्तेही या लढ्याशी जोडले गेले.

९/ आता मूळ प्रश्न. हे काम दिब्रिटो श्रद्धा बाजूला ठेवून करीत होते की श्रद्धेमुळे? बायबलच्या पहिल्याच ग्रंथात मनुष्याला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. त्याच बायबलमध्ये नाबोथाची कथा आहे. राजा अहाबाला त्याचा द्राक्षमळा हवा असतो. वाडवडिलांची जमीन म्हणून नाबोथ नकार देतो. त्याच्यावर खोटा आरोप ठेवून त्याला ठार केले जाते आणि राजा मळा बळकावतो. तेव्हा राजाला जाब विचारायला येतो तो संदेष्टा एलिया.

१०/ त्या काळातील वसईच्या शेतकऱ्याला ही कथा समजावून सांगण्याची गरज नव्हती. श्रद्धेने येथे दोन गोष्टी दिल्या. जमीन ही विकाऊ वस्तूपेक्षा अधिक काही असते, हे सांगणारी भाषा दिली. आणि भीतीच्या वातावरणात माणसांना एकत्र बसण्यासाठी एक जागा दिली. संघटनेला कार्यालय मिळण्यापूर्वी तिला ओटा लागतो. वसईत तो ओटा अनेकदा चर्चच्या आवारात होता.

११/ पण चर्चचे नियमही होते. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार धर्मगुरूला सत्तेचे पद स्वीकारता येत नाही. राजकीय पक्षात सक्रिय भाग घेण्यासही मनाई आहे, त्याला अपवाद चर्चच्या हक्करक्षणाचा आणि सार्वजनिक हिताचा. अन्यायाविरुद्ध बोलायचे, पण सत्ता मागायची नाही, ही रेषा दिब्रिटोंनी पाळली. त्यांच्या शब्दाला वजन आले, त्याचे एक कारण हेही असावे.

१२/ जगातही तेव्हा वारे बदलले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) लोकभाषेत उपासना सुरू झाली आणि समाजातील दुःखांकडे चर्चचे लक्ष अधिक वळले. एल साल्वादोरमध्ये गरिबांची बाजू घेणारे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची मार्च १९८० मध्ये उपासना चालू असतानाच हत्या झाली. पर्यावरणावरचे पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ मध्ये आले. वसईच्या बागायतदारांनी तो विषय सुमारे पंचवीस वर्षे आधी रस्त्यावर आणला होता.

१३/ महाराष्ट्राला हा प्रकार नवा नव्हता. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या मंडळींनी एकेश्वरी श्रद्धेतून सामाजिक सुधारणेचा आग्रह धरला. त्याच परंपरेतील विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. देवावर श्रद्धा होती, म्हणूनच त्याच्या दाराशी होणारा अन्याय त्यांना असह्य झाला.

१४/ मात्र पुरोगामी राजकारणाला श्रद्धाच लागते, असेही नाही. याच जिल्ह्यात त्याचा दाखला आहे. १९४५ मध्ये तलासरी-उंबरगाव भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्यामागे गोदूताई आणि शामराव परुळेकर होते, किसान सभा होती, लाल बावटा होता. तेथे देवाचे नाव न घेता माणूस ताठ उभा राहिला. दोन्ही लढ्यांच्या मुळाशी जमीन होती आणि भीती झुगारणे होते.

१५/ श्रद्धेचा आधार घेण्यात धोकेही आहेत. ज्या लढ्याचा चेहरा पांढऱ्या झग्यातला असतो, त्याला एका धर्माचा लढा ठरवणे विरोधकांना सोपे जाते. शिवाय ज्या शेतकऱ्याला मुलीच्या शिक्षणासाठी किंवा कर्जफेडीसाठी जमीन विकायची आहे, त्याने धर्मगुरूशी असहमती कशी दाखवायची? व्यासपीठावर वाद घालता येतो. वेदीसमोर तो घालणे कठीण. म्हणूनच समितीचे नाव आणि तिच्या मागण्या नागरी होत्या, ही बाब महत्त्वाची ठरते. पाणी, आराखडा आणि कायदा हे विषय कोणत्याही धर्माच्या माणसाला तपासता येतात आणि खोडताही येतात.

१६/ निष्पत्ती काय? २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा गावांच्या समावेशाविरुद्ध पुन्हा आंदोलन पेटले आणि त्याच वर्षी विवेक पंडित वसईतून अपक्ष आमदार झाले. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा शासननिर्णय निघाला आणि तो वाद दीर्घकाळ न्यायालयात राहिला. इमारतींची लाट थांबली नाही. पण पश्चिमेचा पट्टा पूर्णपणे काँक्रीटखाली गेला नाही, त्यात या लढ्यांचा वाटा आहे.

१७/ एक कडू प्रश्न मात्र उरतो. शहराची तहान पुढे मोठ्या प्रमाणावर सूर्या प्रकल्पाच्या पाण्यावर भागू लागली. हा प्रकल्प मुळात आदिवासी भागातील सिंचनासाठी होता. ते पाणी शहरांकडे वळवण्याला तेथील आदिवासींनी विरोध केला. वसईच्या विहिरीवरचा भार हलका झाला, तो डोंगराकडच्या शेतावर जाऊन पडला. आपली बाग राखणे हे कर्तव्य असेल, तर दुसऱ्याच्या शेताचे पाणी हाही त्याच कर्तव्याचा भाग ठरतो.

१८/ २५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटोंचे निधन झाले. धर्मगुरूचा राजकारणाशी काय संबंध, या प्रश्नाचे वसईने दिलेले उत्तर सशर्त आहे. श्रद्धेने माणसाला घराबाहेर काढावे, भीती घालवावी, शेजाऱ्याचे दुःख दाखवावे. पुढचा युक्तिवाद मात्र सर्वांना समजेल आणि सर्वांना नाकारता येईल, अशा भाषेत व्हावा. नंदाखालच्या बागायतदाराची विहीर खारी होते, तेव्हा शेजारच्या मुसलमानाची आणि हिंदूची विहीरही खारी होते. पाणी जात विचारून मचूळ होत नाही.