चाकाचे माप (माउंटन बाइक)

डोंगरवाटांसाठी घडवलेल्या गिअरच्या सायकलीला २६, २७.५ की २९ इंची चाक घ्यावे, हा निवडीचा प्रश्न. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत ही सायकल डोंगरापेक्षा डांबरावर, पेव्हर ब्लॉकवर आणि पावसाळी खड्ड्यांतच जास्त चालते. परदेशातील डोंगरवाटांवर ठरलेली उत्तरे त्यामुळे इथे तपासून घ्यावी लागतात.

आकड्यांचा अर्थ : महाराष्ट्रात सायकलीचा आकडा पूर्वी चाकाचा नव्हताच. दुकानात ‘बावीसची’ किंवा ‘चोवीसची’ मागितली जाई ती सांगाड्याच्या उंचीवरून. चाक दोन्हींना २८ इंचीच असे. माउंटन बाइक आल्यावर आकडा सांगाड्यावरून चाकावर गेला. ‘सव्वीसची’ सायकल ‘चोवीसची’पेक्षा उंच असणार, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते ते यामुळे. प्रत्यक्षात तिचे चाक जुन्या काळ्या सायकलीपेक्षा लहान आणि सांगाडा बुटका असतो.

इंचाचा आकडा म्हणजे टायरसकट चाकाचा ढोबळ व्यास. टायर आणि रिम यांचा मेळ बसतो तो मिलिमीटरमधल्या दुसऱ्याच मापाने, म्हणजे टायरची कड रिमवर जिथे टेकते तिथल्या व्यासाने. तो २६ इंची माउंटन बाइकचा ५५९, २७.५ चा ५८४ आणि २९ चा ६२२ मिमी असतो. नावांवरून २७.५ हे माप बरोबर मधले वाटते, पण ते २६ पासून २५ मिमी आणि २९ पासून ३८ मिमी दूर आहे. म्हणजे धाकट्या भावंडाच्याच अधिक जवळचे. २९ ची रिम आणि रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीची ७०० सी रिम यांचा व्यास एकच. २६ × १⅜ असे लिहिलेला जुन्या धाटणीचा टायर ५९० मिमीचा असतो, तो माउंटन बाइकच्या २६ इंची रिमवर कधीच बसत नाही. टायर बदलताना त्याच्या कुशीवर कोरलेला तीन अंकी आकडा वाचणे हाच खात्रीचा मार्ग, आणि तो प्रत्येक ग्राहकाला माहीत असायला हवा.

सगळ्यांत महत्त्वाची नोंद जुन्या काळ्या सायकलीची. डबेवाले, दूधवाले, पाववाले पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले त्या सायकलीच्या २८ × १½ चाकाची रिम ६३५ मिमीची, म्हणजे आजच्या २९ पेक्षा १३ मिमीने मोठी. माउंटन बाइकचा टायर जाड असल्याने बाहेरून मोजता २९ किंचित पुढे जाते, इतकेच. खराब रस्त्याला मोठे चाक हे शहाणपण या शहराला नवे नाही.

इतिहास : २६ इंच हे माप कोणी प्रयोग करून ठरवले नाही, ते वारशाने आले. अमेरिकेतील श्विन कंपनीने १९३३ मध्ये मुलांच्या सायकलींना जाड, फुगीर टायर बसवले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्याच्या तरुणांनी त्याच जुन्या, दणकट सायकली डोंगरउतारावर घातल्या. १९७६ पासून तिथे ‘रिपॅक’ नावाच्या उताराच्या शर्यती होऊ लागल्या. त्यांत गाजलेले गॅरी फिशर आणि जो ब्रीझ हे पुढे या धंद्याचे आद्य कारागीर ठरले. स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ १९८१ मध्ये बाजारात आली आणि २६ इंच हे जगाचे माप झाले. भारतातही गिअरच्या, जाड टायरच्या सायकली याच मापाने रुजल्या.

२९ साठी बनवलेला पहिला खरा जाड टायर १९९९ चा, डब्ल्यूटीबी कंपनीचा ‘नॅनोरॅप्टर’. मोठ्या चाकाची टिंगल त्यानंतर बरीच वर्षे चालली. ती थांबवणाऱ्या घटनांत १२ ऑगस्ट २०१२ ची लंडन ऑलिंपिकची शर्यत येते. चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी २९ इंची चाकांवर होता, स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर २७.५ वर. कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. दोन्ही बाजूंनी या निकालाचा दाखला दिला जातो, पण दीड तासाच्या शर्यतीतील एका सेकंदावरून चाकाचा न्याय करता येत नाही. २६ इंचाला वरच्या स्पर्धांतून उतरती कळा लागली, हे मात्र निर्विवाद. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने पुढे-मागे वेगवेगळ्या मापांची चाके लावायला मुभा दिली आणि पुढे २९, मागे २७.५ अशी जोडी उताराच्या शर्यतींत दिसू लागली.

फरक किती पडतो : ५ सेंमी उंचीची कड, म्हणजे रस्त्यातून उचकटून वर आलेला पेव्हर ब्लॉक, समोर आली असे धरू. २.१ इंची टायर लावलेले २६ चे चाक त्या कडेला आसाच्या सुमारे १७.५ सेंमी पुढे टेकते, २९ चे सुमारे १८.४ सेंमी पुढे. चढण्याचा कोन सुमारे दीड अंशाने सौम्य होतो. हा फायदा खरा आहे, पण जाहिरातींतून वाटतो तेवढा मोठा नाही. टायरमधली हवा थोडी कमी केली किंवा एक माप रुंद टायर घातला, तर मनगटाला याहून जास्त आराम मिळतो.

एका फेऱ्यात २६ × २.१ चे चाक साधारण २.०७ मीटर जाते, २९ × २.१ चे २.२९ मीटर. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचे सुमारे ६ किमी अंतर धरले, तर लहान चाकाला सुमारे २,९०० फेरे पडतात आणि मोठ्याला २,६२०. मात्र त्याच गिअरमध्ये पायावरचा भार दहा टक्क्यांनी वाढतो. लेण्यांकडच्या शेवटच्या चढावर तो जाणवतोच. मागे मोठे दातेरी चक्र असेल तर प्रश्न सुटतो. स्वस्त सायकलीत ते नसते, आणि मोठ्या चाकाची हौस तिथे गुडघ्यांवर येते.

निरनिराळ्या मापांच्या वेगाची तुलना करणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

उपनगरांतील वापर : राष्ट्रीय उद्यानात सायकल चालते ती डांबरी रस्त्यावर, शिलोंढ्यासारख्या पायवाटा वाटाड्यासोबत पायी फिरण्यासाठी आहेत. आरे दुग्ध वसाहतीचे (स्थापना १९४९) अंतर्गत रस्ते पावसाळ्यात उखडतात. अशा सलग खडबडीत पट्ट्यावर २९ चा स्थिरपणा पैसे वसूल करतो. मुलुंडकरांना येऊरचा चढ जवळ. पूर्वेकडे तानसा जलवाहिनीलगत मुलुंड ते शीव ३९ किमी सायकलमार्गाची योजना महापालिकेने आखली होती. पवई तलावाकाठचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला. समर्पित वाटा अशा तुटपुंज्या असल्याने घाटकोपर-मुलुंडचा सायकलस्वार लाल बहादूर शास्त्री मार्गावरच येतो. तिथे दर सिग्नलला थांबून पुन्हा वेग घ्यायचा असतो, आणि जड, मोठे चाक हलवायला क्षणभर जास्त वेळ लागतो. गिअर एक हलका केला की तो फरक बहुतांशी भरून निघतो.

जागेचा मुद्दा परदेशी लेखनात फारसा येत नाही, इथे तो निर्णायक ठरतो. २९ ची सायकल २६ च्या सायकलीपेक्षा केवळ चाकांमुळेच सहा सेंटिमीटरहून अधिक लांब होते. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागते. तिथे आणि अरुंद जिन्याच्या वळणावर हे सेंटिमीटर रोज मोजले जातात. मेट्रो मार्ग २ अ आणि ७ वर एप्रिल २०२२ पासून डब्यात सायकल नेता येते. मार्ग ७ चे ‘राष्ट्रीय उद्यान’ हे स्थानक उद्यानाच्या दारातच असल्याने अंधेरीहून रविवारी सायकलीसह येणे त्यामुळे सोपे झाले.

दुरुस्ती : २६ ची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही सहज मिळते, २७.५ आणि २९ च्या बाबतीत तेवढी खात्री नसते. अडचणीत २९ च्या टायरमध्ये २६ ची ट्यूब ताणून बसते आणि घरापर्यंत पोचवते. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक फ्रेंच वॉल्व्हला जोडणी लागते, ती पिशवीत असावी. मोठ्या चाकाचे आरे लांब असतात. हलक्या प्रतीच्या चाकात ते सैल पडून चाक लवकर ‘आउट’ होते, म्हणजे वाकडे फिरते, आणि चांगला आउट काढणारा कारागीर सांभाळून ठेवावा असाच असतो.

उंची : ठेंगण्या व्यक्तीला २९ वर हँडल उंच येते आणि तीव्र वळणावर बूट पुढच्या टायरला लागू शकतो. म्हणूनच ट्रेक कंपनीने ‘मार्लिन’ मालिकेत अनेक वर्षे सर्वांत लहान सांगाड्यांना २७.५ आणि मध्यमपासून पुढे २९ अशी विभागणी ठेवली. मराठी घरांत अनेकदा एकच सायकल आई, मुलगा, काका सगळे वापरतात. तिथे सर्वांत बुटक्या माणसाला दोन्ही पाय टेकवून उभे राहता येईल असा सांगाडा आधी ठरवावा, चाक नंतर.

मुलांच्या सायकली : २४ इंची माउंटन बाइकची रिम ५०७ मिमीची असते.

२६ ची चांगली सायकल घरात असेल, तर केवळ मापासाठी ती मोडीत काढण्याचे कारण नाही. या मापाचे टायर-ट्यूब मिळतात. ब्रेकचे रबर, चेन आणि टायर नवे घातले की ती कान्हेरीपर्यंत आनंदाने नेते.