कचरा जाळण्यास विरोध : ठाणे व कल्याण-डोंबिवली

कचरा जाळून त्याची विल्हेवाट लावण्याला किंवा त्यापासून वीज काढण्याला ठाणे जिल्ह्यातील रहिवासी आणि ग्रामस्थांनी वेळोवेळी केलेला विरोध. यात तीन निराळी प्रकरणे एकत्र येतात : डम्पिंगला लागणाऱ्या आगी, रुग्णालयांच्या कचऱ्याची भस्मके आणि कचऱ्यापासून वीजनिर्मितीचे प्रकल्प. अभियंत्याच्या लेखी तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र तिन्हीकडून धूरच येताना दिसतो, आणि इथला विरोध समजून घ्यायचा तर त्या खिडकीपासूनच सुरुवात करावी लागते.

ती खिडकी बहुधा कल्याण पश्चिमेची. खाडीकाठचे आधारवाडी डम्पिंग कित्येक दशके कल्याण-डोंबिवलीचा न निवडलेला कचरा पोटात घेत होते. आत कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू तयार होतो आणि उन्हाळ्यात तो पेट घेतो. अशी आग वरून पाणी मारून विझत नाही. ज्वाळा शमतात, पण ढिगाच्या पोटात निखारे धुमसत राहतात. मग पोकलेन लावून ढीग उकरायचा, पाणी मारायचे, वर माती लोटायची, असे दिवसचे दिवस चालते. ऐन उकाड्यात खिडक्या लावून बसायचे, तरी प्लॅस्टिक जळाल्याचा वास पडद्यांना, उशांना धरतोच. कचरा आणि आग हे दोन शब्द एकत्र आले की कल्याणकराला आधी हे आठवते. बंद भट्टी, तापमान, गाळण्या यांची माहिती त्यानंतर त्याच्या कानावर पडते.

एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घनकचऱ्याच्या प्रश्नावरून कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्यांना मनाई केली. ती सुमारे वर्षभर टिकली. घरांच्या किमतींना हात लागल्यावर कचरा हा विषय एकदम सर्वांचा झाला, असे म्हटले तर ते फार कडवट ठरू नये. पुढे उंबर्डे, बारावे, मांडा ही नावे प्रकल्पांसाठी पुढे आली आणि बारावे परिसरातील रहिवाशांनी विरोध केला. मे २०२० पासून महापालिकेने ‘शून्य कचरा’ मोहीम चालवली. तिची धुरा रामदास कोकरे या अधिकाऱ्याकडे होती. वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी असताना त्यांनी कचरा घरोघरी वेगळा करायला लावून डम्पिंगच्या जागेचे प्रेक्षणीय स्थळ करून दाखवले होते. कल्याणात ओला-सुका वेगळा दिला नाही तर घंटागाडी कचरा घेईना. सुरुवातीला तंटे झाले, मग अंगवळणी पडले. मे २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणे थांबले.

डोंबिवलीच्या अविश्वासाचे मूळ एमआयडीसीत आहे. २०१४ चा हिरवा पाऊस, २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता, मे २०१६ आणि मे २०२४ चे कारखान्यांतले स्फोट, हे सगळे पाहिलेल्या गावाला ‘चिमणीवर देखरेख असेल’ हे वाक्य पुरत नाही.

ठाण्याची गोष्ट जमिनीची. रोज सुमारे हजार टन कचरा करणाऱ्या या शहराला हक्काची जागा कधी लाभली नाही. दिव्याच्या लोकांनी वर्षानुवर्षे तिथल्या डम्पिंगचा धूर आणि दुर्गंधी सोसली. २०२३ मध्ये ते डम्पिंग बंद झाले आणि कचरा भंडार्लीकडे वळला. भंडार्ली हे ठाणे पालिकेच्या हद्दीबाहेरच्या चौदा गावांपैकी एक. म्हणजे कचरा ठाणेकरांचा आणि ठाण्याचे नगरसेवक निवडायला ज्यांना मत नाही, अशांच्या दारात. ग्रामस्थ चिडले यात नवल काय? डायघरच्या कचऱ्यापासून वीजनिर्मितीच्या प्रकल्पाला तर गावकऱ्यांचा विरोध त्याआधी अनेक वर्षांचा होता. त्यांचा प्रश्न रोकडा होता : वीज होईल तेव्हा होईल, तोवर गाड्या कुठे रिकाम्या होणार? अंबरनाथ तालुक्यातील करवले येथे मुंबईच्या कचऱ्यासाठी जागा ठरली, तेव्हाही गावकरी असेच आडवे आले.

विरोधाला तांत्रिक बाजूही आहे आणि ती कच्ची नाही. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला भाग असतो : भाजीचे देठ, शहाळ्याची टरफले, गणपतीत निर्माल्य, पावसाळ्यात तर सगळेच चिंब. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता जाते. ती आधी कचऱ्यातूनच वसूल होते, उरली तर वीज. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये रोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॉट वीज काढण्याचा प्रकल्प उभारला होता. कचरा नीट पेटेना म्हणून तो अवघ्या २१ दिवसांत बंद पडला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी १५०० किलोकॅलरी प्रतिकिलो किंवा त्याहून अधिक उष्मांकाचा, पुनर्चक्रण न होणारा कचरा भरावभूमीत न टाकता इंधन म्हणून वापरायला सांगितले. पण तेवढा उष्मांक येतो कागद, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकमधून. यातले बरेचसे कचरावेचक बायका आधीच वेचून भंगारवाल्याला विकतात. भट्टीला हवे तेच नेमके त्यांच्या पोटापाण्याचे असते.

प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असला आणि ज्वलन अर्धवट झाले, तर डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. म्हणून भट्टीतले वायू किमान दोन सेकंद ८५० अंश सेल्सिअसच्या वर राहावे लागतात. ओला कचरा घुसला की हे तापमान ढळते. शिवाय राख उरते. गाळण्यांत अडकणारी बारीक राख जड धातूंमुळे घातक कचऱ्यात मोडते. डम्पिंगची कटकट कायमची मिटेल हे आश्वासन इथेच गळते.

पिंपरी-चिंचवडने मोशीत रोज ७०० टन कचऱ्यावर १४ मेगावॉटचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू केला, त्याचा दाखला समर्थक देतात. विरोधकांचा दाखला मुंबईतल्या गोवंडीचा. तिथले रुग्णालयीन कचऱ्याचे भस्मक दाट वस्तीत २००९ पासून चालत होते. रहिवासी न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायला सांगितले. चिमणी हलते, ती कुठल्या तरी दुसऱ्या गावात जाते, हेही या दाखल्यातच आले.

ओला कचरा न जाळता त्यापासून बायोगॅस करायला लोकांचा तात्त्विक विरोध क्वचितच दिसतो. भांडण होते ते वासावरून आणि गाडीतून रस्त्यावर ठिबकणाऱ्या काळ्या पाण्यावरून. जागेचा वाद मात्र सुटत नाही : ठाण्याच्या कचऱ्यासाठी पुढे भिवंडी तालुक्यातील आतकोलीची जागा आली. ती जागाही ठाणे पालिकेच्या हद्दीबाहेरची, आणि तिथले ग्रामस्थही विरोधात उभे राहिले.