गेगोंगची रात्रपाळी

१ सप्टेंबर १९३८. मुंबई बंदरात 'राजपुताना' बोट सुटायच्या तयारीत आहे. गर्दीतून वाट काढत तुम्ही शिडीपाशी येता. वर चढणारी माणसं पाच: पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सगळ्यांत धाकट्यांतला एक, सोलापूरचा द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जी. एस. मेडिकलमधून बाहेर पडलेला, पुढच्या महिन्यात अठ्ठावीस पूर्ण होतील असा. चीनवर जपान तुटून पडलाय. सेनापती चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशभर निधीची हाक दिली, आणि त्यातून हे पथक उभं राहिलं.

आता नीट मोजा. पाचही जण डॉक्टर. परिचारिका एकही नाही.

म्हणून सहावे तुम्ही. आजच्या कुठल्याशा रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरला लागून असलेल्या रिकव्हरीत तुमची ड्यूटी असते. सिस्टर असाल किंवा ब्रदर, काम तेच: सर्जन हातमोजे काढून चहाला गेला की पेशंट तुमचा. या प्रवासात अट एकच आहे, पुढे काय घडणार ते कुणालाही सांगायचं नाही.

वाटेत फार रेंगाळू नका. कॅन्टन, हँको, चुंगकिंग. चुंगकिंगमध्ये कोटणिसांना वडील गेल्याची बातमी कळते. ते घरी परतत नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचतं. पाचांनाही चिनी नावं मिळालीत आणि प्रत्येकाच्या नावात शेवटी 'हुआ' आहे, म्हणजे चीन. कोटणीस झाले 'ख तिहुआ'. मग एकेक करून माणसं गळतात. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी परततात, अटलांना त्वचेचा विकार जडतो. चोळकरांचं नाव आज नागपुरातही किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. पन्नाशी उलटल्यावर हा माणूस तिकडे गेला होता. उरतात बसू आणि कोटणीस. १९४० च्या शरदात, लढाई ऐन भरात असताना, तेरा दिवसांत आठशेहून जास्त जखमी कोटणिसांच्या पथकाकडे येतात आणि एकदा तर ते सलग ७२ तास झोपेविना शस्त्रक्रिया करत राहतात. चरित्रं सांगताना हा ७२ चा आकडा कुणी चुकवत नाही. पण तुम्ही रिकव्हरीचे आहात, तुमच्या डोक्यात वेगळा हिशेब येतो. एक ऑपरेशन पाऊण तासाचं धरलं तरी त्यामागची रात्र आठ-दहा तासांची. त्या शेकडो रात्री कुणी काढल्या?

बघायला चला. मार्च १९४१. हेबेई प्रांत, थांग जिल्हा, थायहांग डोंगरांच्या कुशीतलं गेगोंग गाव.

इमारत शोधू नका. इथे रुग्णालय म्हणजे गावच. 'डॉ. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय' हे नाव भारदस्त आहे, खाटा मात्र गावकऱ्यांच्या घरांत विखुरलेल्या, आणि त्यांनाही खाटा म्हणायचं तर जीभ अडखळते. विटामातीचा लांबरुंद ओटा, त्याला 'खांग' म्हणतात. चुलीचा धूर त्याच्या पोटातून जातो, त्यामुळे ओटा उबदार राहतो. कोटणीस जानेवारीपासून या रुग्णालयाचे संचालक आहेत. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले. ऑपरेशन करताना बोट कापलं, रक्तात विष पसरलं. पेनिसिलिन अजून रुग्णालयांत सर्रास मिळू लागलेलं नाही. ते येणार हे तुम्हाला माहीत आहे आणि सांगायचं नाही.

रात्री चार शेतकरी दाराची फळी खांद्यावरून उतरवतात. फळीवर सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. उजव्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा. डोंगरातून यायला दोन रात्री लागल्यात, कारण दिवसा चालता येत नाही. बाजूच्या खोलीत क्लोरोफॉर्मचे थेंब जाळीवर पडतात, तुकडा निघतो, आणि थोड्या वेळाने पोरगा तुमच्या ओट्यावर येतो. अंगाला तो गोडसर, मळमळवणारा वास. फाइल नाही, चार्ट नाही. सोबत आलेला मदतनीस फार तर तेरा-चौदा वर्षांचा आहे. अशा पोरांना इथली फौज 'श्याओ क्वेई' म्हणते, म्हणजे छोटं भूत. आपल्याकडे लाडाने 'कार्टं' म्हणतात त्यातलाच प्रकार. तो मांडीकडे बोट दाखवतो, दोन बोटांनी चिमटा करून तुकडा केवढा होता ते दाखवतो. हँडओव्हर संपलं.

तुमचा हात सवयीने पोराच्या बोटाला लावायची क्लिप शोधतो. ती नाही. यायला अजून तीसेक वर्षं आहेत. गंमत म्हणजे नाडीच्या ठोक्यांवरून रक्तातला ऑक्सिजन सुई न टोचता मोजायची ती युक्ती १९७० च्या दशकात शोधली ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने. या ओट्यावर बसून तो विचार फार वेळ करू नका. पोराला कुशीवर वळवा. जबड्याच्या कोनामागे बोटं घालून जबडा पुढे ओढा, नाहीतर जीभ मागे पडून घसा बंद होईल. दुसऱ्या हाताचा तळवा नाकासमोर धरा. ऊब लागते, जाते, लागते. हाच तुमचा मॉनिटर.

भूल उतरणाऱ्या पेशंटचा ॲल्ड्रेट स्कोअर तुम्ही रोज भरता. हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध, आणि पाचवी गोष्ट. १९७० साली हा स्कोअर आला तेव्हा पाचवी गोष्ट होती कातडीचा रंग; क्लिप रुळल्यावर तिच्या जागी ऑक्सिजनचा आकडा आला. म्हणजे आज तुम्ही मूळ स्कोअरवर आलात. पण रंग बघायचा कसा? तेलाच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात ओठ, नखं, भिंत, सगळं एकाच रंगाचं दिसतं. ओठ निळे पडले तरी कळणार नाही. तुम्ही दिवा जवळ घेता, पोराचं नख दाबून सोडता आणि पांढरेपणा किती वेळात जातो ते पाहता. कार्टंही शेजारी वाकून पाहतं. मग ते गुपचूप स्वतःचं नख दाबून बघतं.

तासाभराने पोरगा कण्हतो. डोळे अर्धवट उघडतात. 'श्वेई,' तो म्हणतो. पाणी. सगळ्या देशांतले पेशंट भूल उतरली की हेच मागतात आणि सगळ्या देशांतल्या सिस्टर नाही म्हणतात. बोळा ओला करून ओठांवरून फिरवा. दुखतंय का, असं मांडीकडे हात करून विचारलं तर तो म्हणतो, 'पू थंग.' नाही दुखत. या उत्तरावर विश्वास ठेवू नका. कपाळावरचा घाम बघा. नाडी मोजा. मघाशी ९६ होती, आता ११८.

ड्रेसिंग वरून कोरडं आहे. नवशिकी नर्स इथे फसते. रक्त उताराने जातं, वर येत नाही. हात मांडीखाली सरकवा.

ओलं. कोमट, चिकट ओलं. ओटा उबदार असल्याने थंडीत आकसलेल्या शिरा सैल झाल्या असाव्यात आणि त्यातली एखादी सुटली. कार्ट्याकडे बघायचीही गरज पडत नाही, ते दाराबाहेर पळालेलं असतं. तुम्ही मूठ करून जखमेच्या वर, जांघेजवळ सगळं वजन टाकता आणि मनात आकडे मोजत राहता. दोनशे झाले, अडीचशे झाले. खांदा भरून येतो. मूठ हलवायची नाही.

आत येते ती एक तरुण बाई. काही न विचारता तुमच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवते, तुमचा हात सोडवते आणि मानेनेच बाजूला व्हायला सांगते. पकड शिकलेल्या माणसाची आहे. ही क्वो छिंगलान, इथली परिचर्येची शिक्षिका. जपान्यांच्या ताब्यातल्या पेकिंगमधून निघून ती डोंगरात आली. तिच्यासारख्या प्रशिक्षित मुलींना इकडे आणणारी बाई न्यूझीलंडची मिशनरी परिचारिका, कॅथलीन हॉल. जपानी पहाऱ्यातून बेथ्यूनसाठी औषधं आणणारीही तीच.

मागोमाग कोटणीस येतात. सडपातळ, झोप न झालेले, अंगात फौजेचा कापूस भरलेला कोट. तुमच्या ओठांवर सोलापूरची मराठी येते, गिळून टाका. ते दिवा जवळ घ्यायला सांगतात, चिनीत. ती भाषा आता ते लिहितातही. शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तक ते पुढे हाती घेणार आहेत. पट्टी सुटते, शीर सापडते, गाठ बसते. मग ते पोराच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून तो गरम आहे का बघतात. पुन्हा एकदा बघतात. जखमी सैनिक या माणसाला 'काळी आई' म्हणतात. सर्जनला आई म्हणण्याची वेळ ऑपरेशनच्या टेबलावर येत नाही, ती अशा वेळी येते, ऑपरेशननंतर.

पहाटे घरची म्हातारी पेज घेऊन येते. वाटीत बघा. राळे. त्यांच्याकडचं 'श्याओमी'. दुसऱ्या भांड्यातलं 'काओल्यांग' तर सरळसरळ ज्वारीच. मालदांडीच्या मुलखातला माणूस हजारो कोस येऊन पुन्हा ज्वारीवरच आला, फक्त भाकरी नाही. म्हातारी पोराला चमच्याने भरवते, त्याची वाळत घातलेली पट्टी उलटते, त्याला लघवीला बसवते. तिला कुणी नर्सिंग शिकवलेलं नाही. या रुग्णालयाचा निम्मा स्टाफ अशा म्हाताऱ्यांचा आहे आणि त्यांची नोंद कुठल्या हजेरीपटावर सापडणार नाही.

इथून पुढचं भरभर बघा. त्याच वर्षी जपानी फौजा डोंगर पिंजून काढतात, जखमींना पाठीवर घेऊन माणसं रातोरात जागा बदलतात. वर्षअखेरीस कोटणीस आणि छिंगलान लग्न करतात. १९४२ मध्ये दुष्काळ पडतो. सेनापती न्ये रोंगचन हुकूम काढतात की सैनिकांनी गावाजवळच्या झाडांचा पाला तोडू नये, तो गावकऱ्यांना खायला राहू दे. ऑगस्टमध्ये मुलगा होतो. न्ये रोंगचन त्याचं नाव सुचवतात इन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस जातात. वय ३२. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग अर्धा राहतो.

परत या. १९४६ मध्ये व्ही. शांताराम 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढतात, स्वतः कोटणीस होतात आणि जयश्री चिनी वधू. सिनेमा चांगलाच आहे, पण त्याने एक घोटाळा केला आणि आपण तो अजून निस्तरलेला नाही. छिंगलान आपल्या लक्षात राहिली ती नायिका म्हणून, डॉक्टरची बायको म्हणून. तिच्या पेशाबद्दल विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतील. ज्या मुठीने मांडीवरची ती शीर दाबून धरली असती, ती आपल्या लक्षात राहिली नाही.

इन्हुआ १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच गेला. छिंगलान पुढे अनेकदा भारतात आली, सासरच्या माणसांना भेटली आणि २०१२ साली, ९६ व्या वर्षी, दालियनला वारली.

सोलापुरात भैय्या चौकाजवळ कोटणिसांचं स्मारक आहे. तिकडे जाणं झालं तर ओळखीतली एखादी सिस्टर बरोबर घेऊन जा.