जुनें कोरीव लांकूडकाम : पारख व जपणूक

जुबिलीच्या निमित्तानें देऊळ रंगविण्याची आपल्याकडे रीत आहे. ती स्तुत्यच होय. परंतु त्याच उत्साहांत वस्त्रखोलींतील जुन्या कोरीव पेटीवरहि कुंचला फिरतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची खूण एका दुपारीं नाहींशी होते. म्हणून या कलेचा वृत्तांत येथें सांगणें अगत्याचें वाटतें.

गोवें १५१० सालीं व वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेली. उभय ठिकाणीं देवळें व मठ बांधले गेले. त्यांतील वेदी, व्यासपीठें व आसनें यांची घडण युरोपांतील, परंतु कोरणारा हात इकडचा. सतराव्या शतकांत गोव्याकडील म्हणून मानलीं जाणारीं, सागावर आबनूस व हस्तिदंत जडविलेलीं लहान खणांचीं कपाटें लंडनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत आहेत. अशा कित्येक कपाटांचे पाय नागकन्यांच्या रूपांत कोरलेले असतात. १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं जिंकली व किल्ल्यांतील देवळें पुढें ओस पडलीं. आज तेथें दगडी भिंती उभ्या दिसतात. लांकूडकाम मात्र उरलें नाहीं. यावरून जें शिल्लक आहे त्याचें मोल कळावें.

पारख करितांना दर्शनी नक्षीपेक्षां पाठ व तळ आधीं पाहावा. हातरंध्यानें तासलेल्या फळीवर बोटांस किंचित् चढउतार लागतो. यंत्रकरवतीच्या गोलाकार रेघा दिसल्यास ती फळी बहुधा एकोणिसाव्या शतकापूर्वींची नव्हे. खरी झीज जेथें हात, पाय वा खण घासतो तेथेंच असते. सर्वत्र सारखी झीज संशयास्पद समजावी. जुना काळसर थर हा मळ नव्हे. तो खरवडला तर वस्तूचें वय सांगणारा साक्षीदारच जातो, व तो पुन्हां आणतां येत नाहीं.

जपणुकीचे नियम साधे आहेत. वस्तु ओल्या भिंतीपासून दूर व जमिनीपासून थोडी उंच ठेवावी. कडक ऊन लागूं देऊं नये. धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी; पाणी व घासलेट वर्ज्य. छिद्रांखालीं ताजा भुसा पडूं लागल्यास कीड जिवंत आहे असें जाणून ती वस्तु वेगळी ठेवावी व तज्ज्ञास बोलवावें. सागाचा गाभा वाळवीस बराच दाद देत नाहीं, परंतु बाहेरील पांढरें लांकूड तिला सहज बळी पडतें. निखळलेला तुकडा फेंकूं नये. लोखंडी खिळा ठोकूं नये.

दारीं येणाऱ्या व्यापाऱ्यास जुनी वस्तु देण्यापूर्वीं विचार करावा. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें कला वा इतिहास यांमुळें मौल्यवान ठरलेली देवळाची वस्तु कायदेशीर रीतीनें विकण्यास रोमच्या धर्मपीठाची परवानगी लागते. जुन्या गोव्यांत सांता मोनिकाच्या मठांत २००२ पासून असलेलें ख्रिस्ती कलेचें संग्रहालय अशा वस्तूंची जोपासना कशी करावी याचा उत्तम धडा देतें.

या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक जुन्या वस्तूचें छायाचित्र, माप व ऐकीव माहिती एका वहींत नोंदवून ठेविली, तर पुढील पिढीवर आपले मोठेच उपकार होतील.